‘कम्युनिकेशन कमी पडतं’ म्हणजे नक्की काय कमी पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीला गुण चांगले आहेत, विषय येतो, तरी दोन कंपन्यांनी मुलाखतीनंतर ‘कम्युनिकेशन कमी पडतं’ एवढंच कळवून नकार दिला. आमच्या पिढीला लोकांशी नीट बोलता-लिहिता येत नाही हे खरं आहे का, आणि खरं असेल तर या वयात ते शिकता येतं का?

नवी मुलं निवडणं आणि निवडल्यावर त्यांना कामाला सरावणं, ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून माझं मत असं की क्षमता कमी नाही, सराव वेगळ्याच गोष्टीचा झालेला असतो. शाळा-कॉलेजात तुम्ही ज्या वाचकासाठी लिहिलं आणि ज्या माणसांशी बोललात, तसा वाचक आणि तशी माणसं नोकरीत भेटत नाहीत. अडतं ते इथे. हे शिकता येतं, काही महिन्यांत येतं, पण दोन दिवसांच्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरात येत नाही.

आधी पिढीवरच्या आरोपाचं बघू, कारण त्याचं ओझं घेऊन मुलाखतीला येणारी खूप मुलं मी पाहते. तरुणांना लिहिता येत नाही ही तक्रार फार जुनी आहे. १८९२ मध्ये हार्वर्डच्या एका समितीनं नव्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर कडक अहवाल दिला होता. डिसेंबर १९७५ मध्ये ‘न्यूजवीक’नं याच विषयावर मुखपृष्ठकथा छापली, ती ज्या मुलांबद्दल होती ती आता निवृत्तीच्या वयाची आहेत. अँड्रिया लन्सफर्ड आणि कॅरन लन्सफर्ड या दोन अभ्यासकांनी तर प्रत्यक्ष मोजणी केली. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या निबंधांतल्या चुका त्यांनी मोजल्या आणि २००८ मध्ये जुन्या मोजण्यांशी ताडून पाहिल्या. दर १०० शब्दांमागे १९१७ मध्ये २.११ चुका होत्या, १९८६ मध्ये २.२६ आणि २००६ मध्ये २.४५. नव्वद वर्षांत फरक नगण्य. निबंधाची सरासरी लांबी मात्र १६२ शब्दांवरून १,०३८ शब्दांवर गेलेली होती. मुलं आधीपेक्षा कितीतरी जास्त लिहीत होती, आणि दर शंभर शब्दांमागे चुका जवळपास तेवढ्याच करत होती.

मोबाइलमुळे मुलांना माणसांशी बोलता येईनासं झालं, हा दुसरा आरोप. डग्लस डाउनी आणि बेंजामिन गिब्स यांनी १९९८ मध्ये आणि २०१० मध्ये बालवाडीत आलेल्या अमेरिकी मुलांच्या दोन तुकड्यांची तुलना केली. मैत्री जमवणं, टिकवणं, वेगळ्या मुलांशी जुळवून घेणं, राग आवरणं यांवर शिक्षकांनी आणि पालकांनी वर्षानुवर्षं दिलेल्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दुसरी तुकडी पहिलीच्या मागे नव्हती. दिवसातून अनेकदा ऑनलाइन खेळांवर आणि सोशल मीडियावर जाणाऱ्या मुलांमध्ये तेवढी थोडी घट दिसली. त्या २०१० च्या तुकडीतली मुलं आता विशीत पोहोचून नोकरीच्या दारात उभी आहेत. तेव्हा ‘आमची पिढीच अशी’ हे मनातून काढून टाका. त्याला आधार नाही, आणि ते मनात धरून बसलात तर सुधारणा सुरूच होत नाही.

मग मालक लोक उगाच ओरडतात का? तसंही नाही. त्यांची गरज खरोखर वाढली आहे. डेव्हिड डेमिंग या अर्थतज्ज्ञानं २०१७ मध्ये दाखवलं की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या एकूण नोकऱ्यांत, ज्यांना माणसांशी बराच संबंध ठेवावा लागतो अशा नोकऱ्यांचा वाटा जवळजवळ १२ टक्के-बिंदूंनी वाढला. कारण समजण्यासारखं आहे. ठरीव काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते न ठरलेलं काम, आणि ते एकट्यानं होत नाही. कोणाला काय येतं हे ओळखून कामं वाटून घ्यावी लागतात, बिघडलं तर पुन्हा वाटावी लागतात. याच काळात सरावाच्या संधी मात्र आटल्या. अमेरिकेत १९७९ मध्ये १६ ते १९ वयाची सुमारे ५८ टक्के मुलं काम करत होती किंवा शोधत होती. २०१० नंतरच्या दशकात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं. सुट्टीतल्या छोट्या नोकरीत चिडलेल्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायला, उशीर झाल्याचं सांगायला, वयानं मोठ्या सहकाऱ्याकडून काम करून घ्यायला माणूस शिकायचा. आता बऱ्याच जणांना हे सगळं पहिल्यांदा पहिल्या पूर्णवेळ नोकरीतच भेटतं, आणि तिथे मात्र ते आधीच येत असावं अशी अपेक्षा असते.

आता लिखाणाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

कॉलेजात तुमचा वाचक कोण असतो? परीक्षक. त्याला उत्तर आधीपासून ठाऊक असतं, वाचण्याचे त्याला पैसे मिळतात, आणि शेवटपर्यंत वाचणं त्याला भाग असतं. तुम्हाला किती माहीत आहे हे त्याला पाहायचं असतं, म्हणून तुम्ही आहे ते सगळं ओतता. आधी प्रस्तावना, मग व्याख्या, मग पार्श्वभूमी, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. पानं भरली की गुण पडतात, ही सवय पंधरा-सोळा वर्षं अंगात मुरलेली असते. नोकरीतल्या वाचकाला उत्तर माहीत नसतं. तुमचं लिखाण वाचण्याची त्याच्यावर सक्ती नसते. एका मीटिंगमधून दुसरीकडे जाताना तो ते मोबाइलवर पाहतो, आणि वाचून झाल्यावर त्याला काहीतरी करायचं असतं: होकार द्यायचा, पैसे मंजूर करायचे, कोणाला तरी फोन करायचा. तुम्हाला किती माहीत आहे यात त्याला रस नाही. पुढे काय करायचं हे त्याला हवं आहे.

अशा वाचकासाठी लिहिण्याचा सराव तुमच्याकडून कोणी करूनच घेतलेला नाही. म्हणून चांगले गुण मिळवलेली मुलंही पहिल्या महिन्यात असं काहीतरी पाठवतात:

‘आदरणीय सर, आपण माझ्याकडे सोपवलेल्या अहवालासंदर्भात कळवू इच्छिते की, सदर कामासाठी मी आवश्यक ती माहिती संकलित करण्याचे प्रयत्न करत आहे. तथापि काही अपरिहार्य कारणांमुळे माहिती प्राप्त होण्यास विलंब होत असून, लवकरात लवकर काम पूर्ण करण्याचा माझा प्रयत्न राहील. कृपया सहकार्य करावे.’

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, नम्रताही भरपूर आहे. पण मॅनेजरला यातून काय कळलं? अहवाल कधी येणार हे नाही, का अडला हे नाही, आणि त्यानं काय सहकार्य करायचं हेही नाही. त्याला आता तुम्हाला फोन करून हेच सगळं विचारावं लागणार. तोच निरोप असा लिहिता येतो:

‘विषय: तक्रारींचा अहवाल गुरुवारी देऊ का? आज निर्णय हवा.
ऑगस्टच्या तक्रारींची आकडेवारी सपोर्ट टीमकडून अजून आलेली नाही. बुधवारी सकाळी देतो असं त्यांनी आज सांगितलं. त्यामुळे उद्या, मंगळवारी, पूर्ण अहवाल देता येणार नाही. जून-जुलैचा भाग उद्या देऊ, की तिन्ही महिन्यांचा एकत्र गुरुवारी? मीटिंग शुक्रवारी आहे, म्हणून मला गुरुवार बरा वाटतो. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर गुरुवार धरून चालते.’

भाषा साधी आहे, अलंकार नाहीत. हे लिहायला भाषेचं मोठं ज्ञान लागत नाही. काय अडलं आहे, पर्याय कोणते आहेत आणि आपल्याला काय वाटतं, याचा विचार आधी करावा लागतो. पहिला मसुदा धूसर आहे, कारण तो लिहिणाऱ्यानं सपोर्ट टीमला ‘नक्की कधी देणार?’ असं विचारलेलंच नाही. माझ्या अनुभवात वाईट ईमेलांतले निम्म्याहून अधिक असेच असतात. वाक्यरचना सुधारून ते सुधारत नाहीत. उठून जाऊन एक प्रश्न विचारला की सुधारतात.

२०२३ मध्ये साध्या भाषेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ २४४९५-१. त्याचा गाभा चार प्रश्नांत मावतो: वाचणाऱ्याला हवं ते यात आहे का, ते त्याला सापडतं का, सापडलेलं समजतं का, समजलेलं वापरता येतं का. कामाचं काहीही पाठवण्याआधी एवढं तपासलंत तरी तुमचं लिखाण बहुतेक सहकाऱ्यांच्या पुढे जाईल. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो.

शुद्धलेखनाचं काय? महत्त्व आहे, पण त्याचं कारण लोक सांगतात त्याहून वेगळं आहे. एम्मा व्हॅन इनवेगेन आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या एका व्यासपीठावर मोठा प्रयोग केला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास पाच लाख उमेदवारांपैकी काहींना रिझ्युमे लिहिताना चुका दाखवणारी संगणकीय मदत मिळाली, काहींना नाही. मदत मिळालेल्यांना काम मिळण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी वाढलं आणि मजुरीही सुमारे १० टक्क्यांनी जास्त मिळाली. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: अशा उमेदवारांना घेणारे मालक नंतर जास्त असमाधानी झाले नाहीत. चुका असलेला रिझ्युमे पाठवणारा माणूस कामात कमी असतोच असं नाही, तरी चुकांमुळे संधी जाते. हे अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. पण नियम बदलण्याची वाट पाहत तुम्ही थांबू नका. रिझ्युमे दोन जणांकडून तपासून घ्या आणि मगच पाठवा.

इथे ‘ते सगळं आता एआय लिहून देतं की’ असं तुमच्या मनात आलं असेल. देतं. शॅकेड नॉय आणि व्हिटनी झँग यांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेल्या प्रयोगात पदवीधर व्यावसायिकांना कार्यालयीन लिखाणाची कामं दिली. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा वेळ सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाला आणि लिखाणाचा दर्जा १८ टक्क्यांनी वर गेला. मी ते वापरू नका असं कोणालाच सांगत नाही. पण अर्जासोबतची सुरेख पत्रं आता सगळ्यांचीच येतात, त्यामुळे त्या पत्रावरून उमेदवार ओळखण्याची सोय निवड करणाऱ्यांना उरलेली नाही. आम्ही मुलाखतीच्या ठिकाणीच अर्ध्या तासाचं छोटं काम देतो: हे तीन ईमेल वाचा, ग्राहकाला काय उत्तर द्याल ते लिहा, आणि तसंच का लिहिलंत ते सांगा. तिथे पत्रातला माणूस आणि समोरचा माणूस यांतला फरक लगेच कळतो. एआयकडून मसुदा सुधारून घ्या, चुका शोधून घ्या, ‘हे वाचून तुला काय करायला सांगितलं आहे असं वाटतं?’ असं त्याला विचारा. पण गुरुवार की मंगळवार, हे ठरवायचं काम त्याच्याकडे देऊ नका. तुमच्या ऑफिसात कोणाची आकडेवारी अडली आहे, हे त्याला माहीत नसतं.

आता माणसांशी वागण्याबद्दल. मालक ‘सोशल स्किल्स’ म्हणतात तेव्हा तरुणांना वाटतं की बोलकं, हसतमुख, चटपटीत असावं लागतं, आणि फाडफाड इंग्रजी यावं लागतं. शांत स्वभावाची मुलं इथेच खचतात. इंग्रजीबद्दल एवढंच सांगते की जिथे काम इंग्रजीत चालतं तिथे ते कामापुरतं यायलाच हवं. पण सफाईदार इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच न देणारे उमेदवार मी भरपूर पाहिले आहेत. बोलकेपणाबद्दल तर संशोधन उलटंच सांगतं. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ जणांना लहान गटांत बसवून वेगवेगळी कोडी आणि कामं दिली. गटाचं एकूण यश सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यंकाशी किंवा सगळ्यात हुशार सदस्याशी फारसं जोडलेलं नव्हतं. ज्या गटांत बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळत होती आणि सदस्य एकमेकांच्या भावना चांगल्या ओळखत होते, ते गट पुढे गेले. एखाद-दोघांनीच बोलून घेतलेले गट मागे पडले. तेव्हा तुम्ही कमी बोलत असाल तर तो दोष मानू नका.

मग नव्या मुलांचं खरं अडतं कुठे? मला जिथे सगळ्यात जास्त अडलेलं दिसतं ती गोष्ट म्हणजे वाईट बातमी वेळेवर सांगणं. काम सोमवारी दिलं. मंगळवारी मुलगा अडकला. विचारलं तर ‘एवढंही येत नाही’ असं वाटेल, म्हणून बुधवार-गुरुवार तो एकटाच झगडतो. मधे कोणी विचारलं तर ‘सुरू आहे’ म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी कळतं की काम झालेलं नाही. काम न होण्याचं मॅनेजरला तितकं वाटत नाही, नव्या माणसाकडून ते धरलेलंच असतं. पण मंगळवारी कळलं असतं तर त्याच्या हातात तीन दिवस होते, ते गेले. यापुढे या मुलाच्या ‘सुरू आहे’वर विसंबायचं की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात राहतो, आणि तो निघायला महिने लागतात. सहा महिन्यांच्या मूल्यमापनात ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं’ असं जे लिहिलेलं असतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा असा एखादा शुक्रवार असतो.

हे भित्रेपणामुळे होतं असं मी मानत नाही. परीक्षेत कोणाला विचारणं म्हणजे कॉपी, आणि अर्धवट उत्तर दाखवणं म्हणजे गुण घालवणं. इतकी वर्षं हेच शिकवलं आणि मग एका दिवसात उलटं वागण्याची अपेक्षा धरली, तर आणखी काय होणार? म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी मर्यादा घालून देते: एका जागी अर्धा-पाऊण तास अडकलात की विचारायचं. आणि कसं विचारायचं तेही सांगते. ‘मला हे जमत नाहीये’ असं म्हणू नका. ‘मला हे असं असं समजलं आहे, मी अमुक करून पाहिलं, त्याचा असा परिणाम आला, आता पुढे या दोनांपैकी काय करू?’ असं विचारा. असा प्रश्न आला की मॅनेजरला मिनिटभरात उत्तर देता येतं, आणि तुम्ही विचार केला आहे हेही त्याला दिसतं. तुमची जी इज्जत जाईल अशी तुम्हाला भीती असते, ती अशा प्रश्नानं वाढते.

काम ऐकून घेतानाच ते परत सांगणं, ही याचीच दुसरी बाजू. ‘म्हणजे मी फक्त जुन्या ग्राहकांची यादी काढायची, रक्कम नको, आणि ती उद्या दुपारपर्यंत हवी, बरोबर?’ एवढं एक वाक्य. मी निवडलेल्या मुलांपैकी एक मुलगी मुलाखतीत इतकी कमी बोलली होती की पॅनेलमधले दोघे तिला घ्यायला तयार नव्हते. पण दिलेल्या छोट्या कामाआधी तिनं असाच एक प्रश्न विचारला, आणि आमच्या सूचनेतली संदिग्धता आमच्याच लक्षात आली. तिला घेतलं. पुढे ज्या टीममध्ये ती गेली, तिथे एकच काम दोनदा करावं लागण्याचे प्रकार कमी झाले, आणि तिच्या वरिष्ठांनी त्याचं श्रेय तिच्या या एका सवयीला दिलं.

मतभेद सांगणं जरा कठीण आहे, आणि कुठे किती मोकळेपणा चालतो हे त्या त्या ऑफिसवर अवलंबून असतं. सुरुवातीला एवढं पाळा: मत सांगण्याआधी वस्तुस्थिती सांगा. ‘हे चुकीचं आहे’ याऐवजी ‘यातला एकूण आकडा मागच्या तक्त्याशी जुळत नाही, मी काही चुकीचं पाहते आहे का?’ असं म्हटलं की समोरच्याला पाहावंच लागतं. आणि हे चारचौघांत न म्हणता आधी एकट्यात म्हणा.

हे सगळं मेसेजवर करायचं की समोर? अवघड असेल ते बोलूनच. नव्या मुलांना फोन उचलून बोलायला नको वाटतं, आणि नाजूक गोष्ट चॅटवर टाकली की सुटलो असं वाटतं. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या एका प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपलं वाक्य गंभीर आहे की उपरोधिक हे वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा ओळखेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखू शकला. नुसता अंदाज बांधला असता तरी निम्म्या वेळा बरोबर आला असता. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. लिहिताना आपला सूर आपल्या कानात घुमत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. म्हणून नकार, तक्रार, माफी, उशीर हे बोलून सांगा, आणि जे ठरलं ते नंतर दोन ओळींत लिहून पाठवा.

आता तुमच्या मुलाखतींकडे. मुलाखत घेणारा ‘कम्युनिकेशन’ हा शेरा फार वेगवेगळ्या कारणांसाठी लिहितो. उत्तर पाच मिनिटं चाललं आणि मुद्दा आलाच नाही. प्रश्न कळला नव्हता, तरी तो पुन्हा न विचारता भलत्याचंच उत्तर दिलं. ‘तुमची कमकुवत बाजू कोणती’ याला पाठ केलेलं उत्तर आलं. प्रकल्पाबद्दल विचारलं तर ‘आम्ही केलं, आम्ही केलं’ असं सांगितलं आणि त्यात उमेदवारानं स्वतः काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हा शेवटचा प्रकार हुशार आणि विनयी मुलांत फार दिसतो, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण काम केलेलं असतं. ‘टीम पाच जणांची होती, त्यात माहिती गोळा करण्याचा आणि तपासण्याचा भाग माझा होता’ हे सांगणं म्हणजे बढाई नव्हे.

कधीकधी ‘कम्युनिकेशन’ म्हणजे ‘आम्हाला सांगता येत नाही, पण आवडला नाही’ एवढंच असतं, हेही खरं आहे. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासारखा वाढलेला माणूस चांगला वाटतो. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या संशोधनाची फेरतपासणी केली. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत पुढच्या कामगिरीचा अंदाज बांधण्यात सगळ्यांत वर आली. तिचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.४२ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९ होता. तरीही बहुतेक ठिकाणी गप्पाच चालतात. त्यामुळे दोन नकारांवरून स्वतःबद्दल पक्कं मत बनवू नका.

माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही इथे सांगायला हवं. जाहिरातीत ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ असं लिहिता, तेव्हा त्या पदावरच्या माणसाला आठवड्यात काय लिहावं लागतं, कोणाशी बोलावं लागतं, हे दोन वाक्यांत लिहा. आणि घेतलेल्या मुलांना शिकवा. नटालिया इमॅन्युएल, एम्मा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅले यांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या नोंदी तपासल्या. टीमजवळ बसणाऱ्यांना कामावर जास्त प्रतिक्रिया मिळत होत्या, आणि त्याचा सगळ्यात जास्त लाभ नव्यांना होत होता. अनुभवी लोकांचा मात्र त्यात वेळ जात होता. हा वेळ कोणीतरी द्यावाच लागतो. पहिल्या तीन महिन्यांत नव्या माणसाचे चार ईमेल शेजारी बसून दुरुस्त करून दिले, तर पुढची दोन वर्षं त्याचे अहवाल पुन्हा लिहावे लागत नाहीत. हे न करता ‘हल्लीच्या मुलांना’ म्हणणाऱ्या मॅनेजरांशी मी वाद घालते, आणि घालत राहीन.

नोकरी मिळेपर्यंत तुम्ही काय कराल? आठवड्यातून एकदा तुमच्या विषयातली एक गोष्ट, त्या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला, अर्ध्या पानात लिहून द्या. ‘कसं झालंय?’ असं विचारू नका, कारण सगळे ‘छान’ म्हणतात. ‘यातून तुला काय कळलं ते मला सांग’ म्हणा. तो जे चुकीचं सांगेल तिथे तुमचं लिखाण कच्चं आहे. दुसरं, जिथे अनोळखी आणि वेगळ्या वयाच्या माणसांशी काम पडतं असं काही धरा: शिकवण्या, हेल्पलाइनवर स्वयंसेवा, एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाचं नियोजन. त्यातही कोणाला नको असलेलं एक काम मागून घ्या, ते म्हणजे बैठकीचं इतिवृत्त. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे एका पानात लिहून त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा. ऐकणं, न कळलेलं तिथल्या तिथे विचारणं, गाळणं, नेमकं लिहिणं आणि पाठपुरावा करणं हे सगळं त्यात येतं, आणि दोन-तीन महिन्यांनी मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे खरं काम असतं. गटचर्चेच्या क्लासला पैसे भरण्याआधी हे करून पाहा.

पुढच्या मुलाखतीत तुम्हीही एक विचारा: ‘या पदावरच्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत काय काय लिहावं लागतं, आणि ते कोण वाचतं?’ उत्तरावरून तयारी कळेल, आणि ती जागा कशी आहे तेही कळेल.

ज्या दोन ठिकाणांहून नकार आला, त्यांना या आठवड्यातच लिहा. तीन ओळी पुरेत: वेळ दिल्याबद्दल आभार; पुढच्या तयारीसाठी एकच विचारायचं आहे, माझं कोणतं उत्तर अपुरं वाटलं, आणि त्यात काय असायला हवं होतं; एका ओळीत कळवलंत तरी उपयोग होईल. ‘मी कुठे कमी पडलो’ किंवा ‘कमी पडले’ असं विचारू नका, त्यावर कोणी खरं सांगत नाही. एका उत्तराबद्दल विचारलं तर सांगणं सोपं जातं. दोघांपैकी एकानं उत्तर दिलं तर ते इथे लिहा. त्यावरून नेमकं कशावर काम करायचं ते पाहू.